आत्याच्या भिंतीवरचा डबा

तपासनिसाच्या हातातल्या यंत्रावर आकडा चढतच गेला. खांब त्याच्या खांद्यावरून बघत होता. आकडा आता थांबेल, निदान अडखळेल, असं त्याला वाटत होतं. या घरातून साधा निरोप पाठवायचा तर आत्याला फोन घेऊन गच्चीवर चढावं लागायचं.

"वेग उत्तम आहे की," तपासनीस म्हणाला.

खांबाने वाकून आकडा पुन्हा वाचला. उंचीमुळे आणि धंद्यामुळे सगळे त्याला खांबच म्हणत. खालच्या गावात घरोघरी इंटरनेटची तार त्याची होती. घळीपलीकडच्या या वस्तीत ती आणायची तर एवढा खर्च त्याला एकट्याला झेपणारा नव्हता, म्हणून त्याने सरकारी निधीसाठी अर्ज केला होता. मोठ्या कंपनीने लगेच हरकत घेतली. म्हणे, वस्तीत आमची सेवा आहेच. कंपनीला इथे तार टाकायची नव्हती. पण खांबाची तार एकदा इथवर पोचली, की पुढचा उतार उतरून ती थेट कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या दारात जाणार होती.

नियम सरळ होता. एका जरी घरात पुरेसा वेग मिळाला, तरी अख्ख्या वस्तीत सेवा आहे असं धरायचं. मग निधी नाही. निधी नाही म्हणजे तार नाही.

सकाळपासून एकेका घरात यंत्र ढिम्म राहिलं होतं, आणि खांबाचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. शेवटचं घर आत्याचं. तिथे तर काळजीचं कारणच नव्हतं. आणि आता त्याच घराच्या भिंतीवर एक पांढरा डबा हिरवे दिवे मिचकावत होता.

"हा कधी बसवला?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"परवा. फुकट दिला त्यांनी," आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली.

टेबलावर तांब्याला टेकवून तिचा फोन उभा होता. पडद्यावर परदेशातल्या लेकाची खोली दिसत होती. लेक कुठेतरी आत गेला होता. समोर होता नुसता पाळणा, आणि तो इतका स्वच्छ दिसत होता की दुपट्याच्या घड्याही मोजता आल्या असत्या.

कंपनीचा माणूस दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तुमच्याच घरात आमचं गिऱ्हाईक निघालं, असं तो खांबाला हसत हसत म्हणाला. खांबाला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. तो खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा खिडकीशी गेला.

तपासनीस यंत्र पिशवीत भरू लागला, तशी आत्याने चहा पुढे केला. चहा संपायच्या आत दुसरा कप आला. मग तिने त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. मग परसातली पपई दाखवायला नेलं. एरवी चार शब्दांत माणसाला वाटेला लावणारी आत्या! आपल्या पोटावर पाय देणाऱ्याचा एवढा पाहुणचार बघून खांबाचं डोकं तडकलं. एकदाचं काय ते लिहून घे आणि जा बाबा, असं त्याला झालं होतं. परसातून आल्यावर आत्याने पहिल्यांदा फोनकडे पाहिलं. पाळण्यात हालचाल नव्हती. तिने तपासनिसासाठी पुन्हा खुर्ची ओढली.

"आत्या, पुरे झालं आता. त्यांना जाऊ दे," खांब न राहवून म्हणाला.

"तू गप्प बस."

कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं. साहेबांना उशीर होतोय, असं त्यानेही सुचवलं. तपासनीस हसून उठला, चहाबद्दल आभार मानून पायात बूट घालू लागला. तशी आत्या दारात आडवी उभी राहिली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"साहेब, माझी नात उठेपर्यंत तरी बसा ना. तुमची पाठ वळली की हे लोक डबा काढून नेणार आहेत."