जावयाच्या हातची बंदूक

बंदुकीची नळी आपल्याकडे वळताच सासरे यशवंतराव हसतमुखाने खाली वाकले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, नमस्कारच केला.

"जवाईबापू, ऊन लई हाय," ते वाकल्या वाकल्याच म्हणाले. "नळी जमिनीकडं ठेवली तं तापत नाही."

जावई अमृतराव नुसता हसला. नळी होती तिथेच राहिली.

निजामाचं राज्य जाऊन दोन पावसाळे झाले होते. ठाण्यात जमा झालेल्या बंदुका पिकाच्या राखणीसाठी परत मिळायच्या होत्या; पण आधी चांदमारीवर नेम धरून दाखवा, असा नव्या साहेबाचा हुकूम होता. म्हणून भीमपूरच्या लोकांनी पैनगंगेच्या काठी मातीचा ढीग घातला, त्याला चुन्याचा गोल काढलेली टोपली टेकवली. झाली चांदमारी! सरावापुरती एक बंदूक ठाण्यातून मिळाली; शिकवायला गावचेच भगवानराव होते. फौजेत राहून आलेला माणूस, नळी जरा हलली तरी शिव्यांची लाखोली वाहायचा. पण आज पहिला बार उडवायचा मान अमृतरावाला दिला होता. एका घरचा जावई म्हणजे साऱ्या गावचा जावई. त्याला शिव्या कोण देणार?

शिवाय लग्नाच्या पंगतीत त्याने आपल्या शिकारीच्या गोष्टी ऐकवल्या होत्या. आदिलाबादेत कापडाचं दुकान चालवता चालवता याने इतकी रानडुकरं कधी लोळवली, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. भगवानरावांनी बार ठासून दिला, अमृतरावाने ऐटीत घोडा चढवला, आणि त्यावर अंगठा ठेवून तो टोपलीकडे जायचं सोडून माणसांतच हिंडायला लागला.

आधी सासऱ्याकडे गेला. मग भगवानरावांकडे.

"पाव्हणे, नेम तं तुमचा पक्काच हाय," भगवानराव एका अंगाला सरकत म्हणाले. "फक्त टोपली तिकडं हाय."

सगळे हसले, अर्थात बैलगाडीच्या आडून. अमृतरावही हसला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मग तो गाडीकडेच वळला, तशी माणसं पाणी प्यायला म्हणून नदीकडे पांगली. हा बाबा एकेकाजवळ का जातोय, तेच कोणाला कळेना. बंदूक दाखवायला, की धाक घालायला?

बाभळीखाली त्याची सासू बयनाबाई भाकरी घेऊन बसली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. शेजारी पोटुशी लेक, आशा. लग्न झाल्यापासून सासू जावयाशी एक शब्द बोलली नव्हती. पाणी द्यायचं तरी भिंतीला सांगायची, "पाणी ठेवलं म्हणा कोणी त्यांले." तशी रीतच होती.

अमृतराव बाभळीकडे आला. नळी आशाच्या पोटासमोर आली. आशा दगड झाली.

"आशे, सांग त्यांले..." बयनाबाईने रीतीप्रमाणे सुरुवात केली, आणि रीत तिथेच सुटली. तिचा पदर खांद्यावर घसरला. तिने मागून जाऊन जावयाचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला गर्रकन ढिगाकडे फिरवलं.

"बस झाला मान! टोपलीवर धरा अन् सोडा!"

माणसांनी जिभा चावल्या. सासूने जावयाला हात लावला!

बार उडाला. बाभळीवरचे बगळे उडाले. टोपली होती तशीच; ढिगाच्या दुसऱ्या टोकाची माती तेवढी उडाली होती.

धूर विरला तसा अमृतरावाने बंदूक हलकेच खाली ठेवली आणि तो जमिनीवर बसला. त्याच्या अंगठ्यावर घोड्याचा वळ उमटला होता. त्याने मान वर करून सासूच्या पदर सुटलेल्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"मामी, चढवलेला घोडा टिकतच नव्हता. अंगठा काढला असता तं बारच उडाला असता," तो हळूच म्हणाला. "अन् जिंदगीत बंदूक धरली नाही मी. कवाचा एकेकाजोळ जाऊन राह्यलो, कोणी तरी हातातून घेईन म्हून."