रिकामा खिळा

“सुभेदारसाहेब, लढाई कधी आवरायची ते वरचे बघतील. मटकी मोडाला टांगू का, तेवढं सांगा,” स्वयंपाकी गेनबा कंटाळून म्हणाला. परतीचा हुकूम तिसऱ्यांदा आला होता. आधीचे दोन फिरले होते.

या परक्या बेटावर चौकीची भांडी घासायला येणाऱ्या म्हाताऱ्या तंगम्माला मराठी येत नव्हतं, पण मटकी वाचता येत होती. खिळ्याला ओली पुरचुंडी लटकली, की फौज उद्याही आहे. फौज गेल्यावर तिची भांडी घासणाऱ्यांचं काय होतं, ते शेजारच्या गावाने पाहिलं होतं.

“या वेळी पक्कं. पहाटे निघायचंय. कुणाला कळलं, तर बंडखोर वाटेत सुरुंग पेरतील,” सुभेदार म्हणाले.

“मग टांगतोच. रिकामा खिळा बघून म्हातारी ओळखेल.”

सुभेदारांनी अंगणात बंदुका पुसत बसलेल्या आपल्या वीस पोरांकडे पाहिलं. मग तंगम्माने काल उपड्या घातलेल्या पातेल्यांकडे.

“टांगू नकोस. आत्ताच शिजव.”

“बिनमोडाची?”

“खातील पोरं. एक दिवस.”

दुपारी तंगम्मा आली. रिकाम्या खिळ्याकडे बघत थोडी उभी राहिली. रोजच्यासारखी पातेली घासली, उन्हात उपडी घातली. शाळा सुटायला अजून तास होता, तरी नातीला आणायला निघाली.

फाटकापाशी मात्र ती वळली. पुलाच्या वाटेकडे बोट करून तिने दोनदा मान हलवली. तिकडून नको.

सुभेदारांनी नकाशावरची पहाटेची वाट खोडून टाकली.