दुसरं ताट
अनुपमानं भीमराजशी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा “तू आम्हाला मेलीस” म्हणत गुणाजींनी तिच्या तोंडावर दार लावलं. पुढे संपात त्यांची गिरणीतली नोकरी बुडाली, पाठोपाठ बायको गेली. लेक-जावई भांडुपला खानावळ चालवतात असं कानावर आलं, आणि एका दुपारी न राहवून ते तिथल्या बाकड्यावर जाऊन बसले. जावयानं सासऱ्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं अगत्यानं बांगड्याचं कालवण वाढलं. पहिल्याच घासाला गुणाजींचे डोळे भरून आले. थेट बायकोच्या हातची चव! “तिखट लागलं का, काका?” भीमराजनं विचारलं. तेवढ्यात भात घेऊन अनुपमा बाहेर आली आणि जागीच थबकली. “बाबा, तुम्ही?” ते ऐकताच भीमराज चपापला, पळी हातात धरून मागे सरला. गुणाजींनी बाकड्यावर सरकून जागा केली. “मागे काय सरता, जावईबापू? तुमचंही ताट घ्या, इथं माझ्याजवळ बसा.”