ठकीचा शुक्रवार

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही ठकी आहात. चौथीत शिकता. सोफ्यावर बसला आहात आणि पाय अजून जमिनीला टेकत नाहीत. समोर मामा खुर्ची ओढून बसलाय. तो तुमच्याकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेतोय.

"शुक्रवारी संध्याकाळी दादा घरीच होता. माझ्याशी बुद्धिबळ खेळत होता."

आता डोळे उघडा. त्या शुक्रवारी दादा घरी नव्हता. हे मामाला माहीत होतं, आईला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. पण ठकीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कारण वाट तिने बघितली होती.

दादा कॉलेजच्या वसतिगृहात राहायचा. शुक्रवारी तो घरी यायचा, बूट दारातच उडवायचा आणि ओरडायचा, "ठके, मांड पट!" मग दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळायला बसायची. दादा तिचा घोडा मारायचा आणि गंभीर चेहरा करून म्हणायचा, "गेला बिचारा. घरी दोन शिंगरं होती त्याची." ठकी हसून हसून खुर्चीवरून घसरायची. सोमवार उजाडला, की तिला शुक्रवारची ओढ लागायची.

त्या शुक्रवारी तिने पट मांडून ठेवला. जिन्यात पाऊल वाजलं, की ती दार उघडायची. एकदा खालच्या मजल्यावरचे काका होते, मजला चुकून वर आलेले. एकदा बाबा होते. दरम्यान ती दाराशीच बसून राहिली आणि मनातल्या मनात दादाशी खेळली. दादा आला. त्याने बूट उडवले. घोडा मारला, शिंगरांचं सांगितलं. आणि आज चक्क तो हरला! ठकीला तिथेच झोप लागली. बाबांनी तिला उचलून आत नेलं.

दादा घरी आला तो पुढच्या आठवड्यात, सगळं सामान घेऊन. त्याच्या कॉलेजातल्या एका मुलीने पोलिसांत तक्रार दिली होती. त्या शुक्रवारी संध्याकाळी नाटकाची तालीम संपल्यावर दादाने सामानाच्या खोलीचं दार आतून लावलं, ती नको म्हणत होती, सोड म्हणत होती, तरी त्याने तिच्यावर जबरदस्ती केली, असं तिचं म्हणणं होतं. ठकीला हे कुणी समोर बसवून सांगितलं नाही. मोठी माणसं आपसात कुजबुजली, त्यातून जेवढं कानावर आलं, तेवढंच तिला कळलं.

"मग तू कुठे होतास?" तिने दादाला विचारलं.

"कामात होतो गं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मामा सांगतो तसं म्हण. माझी शहाणी ठकी ना तू?"

"आणि नाही म्हटलं तर?"

उत्तर आईने दिलं. "तर दादाला घेऊन जातील. मग कसला शुक्रवार आणि कसलं काय!" एवढं बोलून ती तोंडाला पदर लावून आत गेली.

म्हणून ठकी वाक्य म्हणू लागली. आणि गंमत बघा, एका वाक्यावर ती थांबेना. दादाने बूट कुठे उडवले, घोडा कधी मारला, तो काय म्हणाला, शेवटी कसा हरला, सगळं ती भराभरा सांगू लागली. सांगताना तिचे डोळे चमकत होते.

"अरे वा! ही तर वकिलाच्या वरताण निघाली!" मामाने मांडीवर थाप मारली.

संध्याकाळी पोलीस बाई आल्या. साध्या कपड्यांत होत्या. त्या ठकीशेजारी सोफ्यावर बसल्या. ठकीने त्यांना सगळं सांगितलं, अगदी शिंगरांसकट. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही.

"झालं ना मॅडम?" मामा म्हणाला. "लेकरू आहे. खोटं कशाला बोलेल?"

बाई उठणार, तेवढ्यात ठकीने विचारलं, "ती मुलगी काय म्हणते?"

"ठके, गप्प बस!" आई म्हणाली.

बाईंनी आधी आईकडे बघितलं, मग ठकीकडे. "ती म्हणते, ती सगळा वेळ दाराकडे बघत होती. तिला वाटत होतं, कुणीतरी येईल."

"आलं कुणी?"

"नाही, बाळा."

दाराकडे बघत बसणं म्हणजे काय, ते ठकीला समजावून सांगावं लागत नव्हतं. बाहेर पाऊल वाजलं की छातीत कसं धडधडतं, ते पाऊल पुढे निघून गेलं की कसं वाटतं, सगळं तिला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी आणखी एक मुलगी दुसऱ्या एका दाराकडे बघत होती. आणि त्या दाराला कडी होती.

तिने खिडकीशी उभ्या असलेल्या दादाकडे बघितलं. दादाने तिला डोळा मारला. अगदी खेळताना मारायचा तसाच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिचा जुना दादा दिसला. तिने फक्त गप्प राहायचं होतं. बाई निघून गेल्या असत्या आणि सगळे शुक्रवार परत आले असते.

तुम्ही काय केलं असतं? लगेच सांगू नका. ठकीनेही घाई केली नाही.

मग ती सोफ्यावरून खाली उतरली. दादासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, मी तुझी खूप वाट बघितली. तू का नाही आलास?"