सगळे भाग मूळचे

“सूनबाई आहेत का?” दातांच्या डॉक्टरांनी दारातूनच विचारलं आणि घड्याळजींच्या कपाळाची शीर उठली.

या आठवड्यातला हा सातवा माणूस. चाळीस वर्षं याच खिडकीपाशी मान मोडून बसायचं, डोळ्यांच्या खाचा करायच्या, आणि लोक विचारणार काय? तर सूनबाई आहेत का!

“मी आहे,” घड्याळजी म्हणाले. “चालेल ना?”

“अहो, चालेल काय, धावेल,” डॉक्टर ओशाळून हसले.

जुनं मनगटी घड्याळ तपासून त्यातले कोणते भाग मूळचे आणि कोणते मागाहून बसवलेले, याचा लेखी दाखला हे दुकान द्यायचं. गेल्या वर्षापर्यंत दाखल्यावर एकच सही असायची, घड्याळजींची. मग सूनबाई काम शिकली. त्यांच्याच हाताखाली शिकली आणि सह्याही करू लागली. काल जेवताना मुलानं सांगून टाकलं, “बाबा, एक तारखेपासून सही तिचीच असू दे. तुमचे डोळे थकलेत आता.”

घड्याळजींनी ताट पुढे सरकवलं होतं. “तिची एक चूक सापडू दे, मग बघू कुणाचे डोळे थकलेत ते.” रात्रभर त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. आपणच बोट धरून चालायला शिकवलं, आणि आता ही पोर आपल्यालाच रस्ता दाखवणार!

डॉक्टरांनी घड्याळ आणि प्लास्टिकच्या पाकिटातला एक घडी घातलेला कागद काचेवर ठेवला. “विकायचंय. सगळे भाग मूळचे आहेत, असा तुमच्याच दुकानाचा दाखला आहे. पण घेणारा म्हणतो, एकदा पुन्हा बघून घेऊ.”

घड्याळजींनी कागद बाजूला सारला. घड्याळ तपासण्याआधी दाखला वाचायचा नाही, हा त्यांचा नेम. आधी वाचलं की डोळ्यांना तेच दिसतं. शिवाय त्यात वाचायचं तरी काय? हल्ली ऊठसूट ‘सगळं मूळचं’ लिहून द्यायची हौस कुणाला आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि दोनच मिनिटांत त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं.

“डॉक्टर, खोटे दात तुम्ही ओळखता, तसे खोटे काटे मी ओळखतो. हे बघा. तबकडीवरचे हे ठिपके अंधारात चमकणाऱ्या रंगाचे. जुने झालेत, तपकिरी पडलेत. काट्यांवरचा रंग मात्र पांढराफटक. काटे बदललेले आहेत.”

“अरे देवा,” डॉक्टर म्हणाले.

“थांबा, अजून आहे. ही चावी. मूळची असती तर कडेला चपखल बसली असती. ही बाहेर डोकावतेय. आणि या आकड्यांच्या कडा बघा, कशा फुटल्यात. तबकडी पुन्हा छापलेली आहे. फक्त ठिपके तेवढे जुने ठेवलेत, डोळ्यांत धूळ फेकायला.”

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. मागच्या खोलीतून सूनबाई बाहेर आली. पलीकडे पट्टे लावत बसलेला मुलगाही उठला. घड्याळजींना तेच हवं होतं.

“ये, ये, सूनबाई. तुझ्याच वाटेवर डोळे लावून बसलोय. काय गं, हे काटे मूळचे का?”

तिनं भिंग घेतलं, पाहिलं. “नाहीत, बाबा.”

“आता दिसलं होय!”

तिनं काचेवरचा कागद उचलला, उलगडून वाचला आणि चटकन पुन्हा घडी घातली. तिचा चेहरा पडला. “बाबा, जरा आत येता का? दोन मिनिटं.”

“आत कशाला? जे काय असेल ते गिऱ्हाइकासमोर!” घड्याळजी खुर्चीत सरसावून बसले. किती दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं. “डॉक्टर, हा दाखला घेतल्यावर घड्याळ कुठं दुरुस्तीला दिलं होतं का? एखाद्यानं भाग बदलले असतील.”

“छे. तेव्हापासून कपाटातच आहे. झाकणसुद्धा कुणी उघडलेलं नाही.”

“ऐकलंस?” घड्याळजी सुनेकडे वळले.

“चूक झाली, डॉक्टर,” ती खाली मान घालून म्हणाली. “मी नवा दाखला लिहून देते. हा जुना ठेवून घेते.”

“ठेवून घेते? वा गं वा! म्हणजे झाकली मूठ! कुणाची चूक झाली ते सांग आधी.”

“दुकानाची.”

“दुकानाला हात असतात का सही करायला?”

“बाबा, जाऊ दे ना आता,” मुलगा म्हणाला.

“का जाऊ दे? काल मला डोळे थकले म्हणालास ना? घे तो कागद तिच्याकडून. वाच खालची ओळ.”

सुनेनं कागद मुठीत घट्ट धरला. “नका वाचू,” ती नवऱ्याला हळूच म्हणाली. “माझंच चुकलं म्हणते ना मी. एक तारखेपासून सही बाबांचीच राहू दे.”

“बघा, कबूल केलं! कबूल केलं स्वतःच्या तोंडानं!” घड्याळजींनी काचेवर थाप मारली. “तरी वाच. मोठ्यानं वाच. डॉक्टरांनाही कळू दे, कुणाच्या भरवशावर हे घड्याळ घेतलं ते.”

मुलानं तिच्या मुठीतून कागद सोडवला. खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग बायकोकडे पाहिलं.

“अरे, वाच की! दातखीळ बसली का?”

“तारीख बावीस वर्षांपूर्वीची आहे, बाबा,” मुलगा म्हणाला. “तेव्हा ही चौथीत होती.”