भिंतीची झीज

"बघ, घरपट्टी किती कमी बसते त्यांना!" नीलेशने खुशीत मोबाइल बायकोपुढे धरला. त्यांच्या लेकीसाठी, ओवीसाठी, सांगून आलेल्या स्थळाचं घर नगरपालिकेच्या नोंदीत उघडलं होतं. मुलगी दाखवण्याआधी एकमेकांची घरपट्टी बघायची, ही रीत आता पत्रिकेच्याही आधी आली होती. भिंतींत बसवलेले संवेदक लहानसहान धक्काही टिपत आणि जेवढी झीज, तेवढा कर कमी होई.

प्राजक्ताने नकाशा बोटांनी मोठा केला. दिवाणखाना, देवघर, सगळं नव्यासारखं होतं. झीज एकाच जागी होती: स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर, उभ्या बाईचं डोकं टेकेल त्या उंचीवर. त्या घरात बाई एकच होती, मुलाची आई.

"अहो, हे स्थळ नको."

"का? भिंत झिजली म्हणून?" नीलेशने नुसतं वळून पाहिलं. प्राजक्ताचा हात आपोआप डोक्यामागे गेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलाची आई बोलत होती. आवाज मऊ होता, जपून वापरलेला.

"आम्हीही तुमच्या घराची नोंद पाहिली हो. स्वयंपाकघराची भिंत दिसली, तेव्हाच आमच्या ह्यांनी होकार दिला. म्हणाले, ही मुलगी आपल्याकडे लवकर रुळेल."