चालता बँड

"मास्तर, ताल सुटतोय," परीक्षक दीक्षित माइकवरून म्हणाले. सिनेमाच्या वाद्यवृंदात हयात घालवलेले ते आणि परेरा असे दोघे परीक्षक ब्रास बँडची स्पर्धा ऐकत होते. जिंकणाऱ्याला गणपतीच्या मिरवणुकीचं काम मिळणार होतं.

स्टेजवरच्या बँडच्या शौकतमास्तरांनी घाम पुसला. "साहेब, एका जागी उभ्यानं कधी वाजवलंच नाय. पाय चालले तर फुंक चालती."

"स्टेज सोडलं तर बाद. नियम आहे."

मास्तर साथीदारांकडे बघून पायऱ्या उतरले. बँड मैदानातून चालू लागला आणि ताल बसला. क्लॅरिनेट चढलं तशी माणसं मागून निघाली.

फाटकापाशी दीक्षित म्हणाले, "वाजवतात छान, पण बाद."

"आपण कुठं आलोय बघ," परेरा म्हणाले.

दीक्षितांनी वळून पाहिलं. परीक्षकांचं टेबल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

"मिरवणुकीत कुठं स्टेज असतं म्हणा," ते पुटपुटले.